संध्याकाळची हजरी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते बाजेची नवार आवळण्याचं. चैत्र लागला होता, बाज गच्चीवर न्यायची होती आणि मधोमध तिची झोळी झाली होती. हे एकट्याचं काम नाही. एकाने पट्टी ओढायची, दुसऱ्याने ती धरून ठेवायची, सोडायची नाही. मी पाय लाकडाला लावून ओढत होतो, प्रमिला धरत होती.

"ओढा अजून. मुंशी होतात ते कळतंय. हातात जोर म्हणून नाही."

"तू धर नीट."

"मी धरलंय. मधेच सोडता ते तुम्ही."

बाज कसून झाली. तिने वर बसून पाहिलं, हाताने थापटलं आणि म्हणाली, "उद्या अकरा वाजता टोपी बाजारात जायचंय. वकीलबाईंकडे. मी फोन करून वेळ घेतलीय."

मी म्हटलं, "गुडघा कसा राहतो बघू."

"तुमचा गुडघा घरी ठेवा. मी जाणार आहे. हल्केने त्या सकाळी आपल्या दारात चहा प्याला, मी माझ्या हाताने दिला, एवढंच सांगायचंय. त्याला तुमचा गुडघा कशाला लागतो?"

मी नवारेचं टोक खाली खोचलं. अकरा वर्षं मी ह्या गोष्टीवर काही बोललेलो नव्हतो. हे सकाळी दहाला. दुपारी दोनला तिच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत ती राहिली नाही, आणि सूर्य मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो. मुलगा इंदूरहून निघाला होता, तो पोचला नाही. अग्नी मी दिला.

ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, असं संपादक बाई म्हणाल्या. मी सातवीपर्यंत शिकलो, तेव्हा भाषा त्या बघून घेतील. मला कामाबद्दल लिहायचं तर हेच लिहावं लागेल, दुसरं लिहिलं तर ते खोटं होईल आणि मी खोटं एकदा शपथेवर बोलून चुकलो आहे.

मी एका ठेकेदाराकडे हजरी-मुंशी होतो, सगळी उमर तिथेच गेली. आम्ही त्यांना सेठ म्हणायचो, नाव लिहीत नाही. ग्वाल्हेरात त्यांनी दुकानं, हॉटेलं, मंगल कार्यालयं खूप बांधली. इमारतीवर कोण आला, कोण गेला, सिमेंट किती उतरलं, हे लिहिणारा माणूस म्हणजे मुंशी. मिस्त्री त्याला शिव्या देतात, मजूर त्याच्या पाया पडतात आणि सेठ त्याला अरे-तुरे करतात. तरी अक्षर माझं चांगलं होतं. एका कागदावर कधी खाडाखोड नाही. ह्याचा मला फार अभिमान होता.

आता बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. कामावर मजूर पडला, दबला, त्याला करंट लागला, तर भरपाई मिळावी असा कायदा आहे आणि तो जुना आहे. भरपाई मालकाने द्यायची. मजुराने दोनच गोष्टी दाखवायच्या. मी ह्या मालकाचा माणूस, आणि मला लागलं ते ह्याच कामावर. ऐकायला सोपं आहे. पण सकाळी चौकातून उचलून आणलेल्या माणसाला कामावर घेतल्याची चिठ्ठी कोण देतो? त्याला मालकाचं नावसुद्धा पुरतं माहीत नसतं. कागद एकच, हजरीचं रजिस्टर. ते माझ्या काखेत.

त्या कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे. अंगठा गेला तर किती, करंगळी गेली तर किती, एक डोळा गेला तर किती. पहिल्यांदा वकिलाने मला तो वाचून दाखवला तेव्हा मला कसायाच्या दुकानातली पाटी आठवली. पुढे सवय झाली. मग मीच लोकांना तोंडपाठ सांगायला लागलो.

कोणी पडला की सेठ मला दवाखान्यात पाठवायचे. माझ्याजवळ एक कापडी पिशवी असायची, तीत डझनभर केळी आणि शाईचं पॅड. आधी केळी काढायची. कसं वाटतंय, घरी कोण आहे, मुलं किती, असं विचारायचं. मग पॅड काढायचं. माझं सगळं मिटलं, मला पुढे काही म्हणायचं नाही, अशा मजकुराचा राजीनामा, म्हणजे तडजोडीचा कागद, तयार असायचा, त्यावर अंगठा. उजवा हात प्लास्टरमध्ये असला तर डावा. मी स्वतः फडक्याने त्यांचा अंगठा पुसून द्यायचो. लोक दुवा द्यायचे, मुंशीजी भले आदमी हैं म्हणायचे. ती केळी सेठच्या पैशांची असायची, दुवा मात्र मी घेत होतो.

तऱ्हा खूप पाहिल्या. दतियाकडचा एक बेलदार, म्हणजे विटा-गारा वाहणारा, धाकट्या भावाच्या मजूर-कार्डावर कामाला यायचा कारण ह्याचं स्वतःचं कार्ड बनलेलं नव्हतं. भिंत अंगावर आली, हा गेला. कागदावर मेला धाकटा. तो धाकटाच भरपाईचा अर्ज घेऊन कामगार कचेरीत उभा. साहेबांनी विचारलं, मयत कोण? तो हात जोडून म्हणाला, "साहब, मैं ही हूँ।" सगळी कचेरी हसली. मीही हसलो. त्याची भावजय बाहेर पायरीवर बसली होती, तिला आतलं हसू ऐकू गेलं असणार.

आणि काशीराम मिस्त्री. त्याला एक खोड होती. प्लास्टर ओलं असताना कोपऱ्यात कुठेतरी, टाकीच्या मागे, जिन्याच्या खाली, पंजा उमटवून ठेवायचा. इकडे बायका मुलाच्या जन्मानंतर भिंतीवर हाताचे थापे देतात तसा. पुढे यंत्रात त्याची दोन बोटं गेली आणि सेठचे वकील म्हणाले, हा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. तर हा गडी साहेबांच्या माणसाला घेऊन त्या इमारतीच्या गच्चीवर गेला आणि टाकीमागच्या पंजात आपला हात ठेवला. भिंतीत पाच बोटं, हातात तीन. तीन बरोबर बसली. मी तिथे सेठच्या बाजूने उभा होतो. मला मनातून इतकं बरं वाटलं की तोंड फिरवावं लागलं.

काशीराम जिंकला. दुसऱ्या दिवशी सेठनी मला छन्नी-हातोडी दिली. सगळ्या जागा फिरून जिथे जिथे पंजा दिसेल तिथे खरवडून काढ, म्हणाले. मी काढले. आठ दिवस लागले. अजून त्या इमारतींपाशी गेलो की टाकीमागे बघायची इच्छा होत नाही.

आता हल्केचं.

हल्के टीकमगडचा. आमच्याकडे चार वर्षं होता, पाडवर चढणारा. पाड म्हणजे बाहेरून बांधतात ती बल्ल्यांची परांची. पडाव वस्तीकडे एका हॉटेलचं काम चालू होतं. पाण्याच्या मोटरीच्या खोलीची किल्ली रात्री माझ्या घरी असायची, सकाळी कोणीतरी दाना ओळीत आमच्या दारी येऊन ती घेऊन जायचा. त्या दिवशी हल्के आला. मी दाढी करत होतो. प्रमिलाने त्याला चहा दिला, त्याने पायरीवर बसून प्याला. जाताना म्हणाला, "भाभी, चीनी आज ठीक डाली है।" ही म्हणाली, "रोज ठीक डालती हूँ, आज तुम फुर्सत से पी रहे हो।" मी आतून ओरडलो, गप्पा पुरे, वर तिसऱ्या मजल्यावर जा, मिस्त्री थांबलाय. म्हणजे त्याला वर मीच पाठवला.

साडेअकराला बल्ली निसटली. तो जगला, पण कमरेखालचं सगळं गेलं.

आता हजरीची पद्धत सांगतो, कारण सगळं तिथे आहे. आमच्याकडे हजरी सकाळी भरत नसत, संध्याकाळी भरत. सकाळी आलेला माणूस जेवणानंतर पळून जातो, त्याचा पूर्ण दिवस लागू नये म्हणून. काम सुटल्यावर मी पोत्यांवर बसायचो आणि समोर उभा असेल त्याच्या नावापुढे खूण करायचो. नसेल त्याला फुली. ही पद्धत मी लावलेली नाही, माझ्या आधीच्या मुंशीपासून होती. पण तिचा अर्थ असा की जो संध्याकाळच्या आत पडला तो त्या दिवशी कामावर नव्हता. इतकी वर्षं रजिस्टर लिहूनही हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही, किंवा मी येऊ दिलं नाही.

त्या संध्याकाळी मी हल्केच्या नावापाशी येऊन थांबलो. सेठ मागे उभे होते.

"क्या हुआ, मुंशी?"

"हल्के, सेठजी।"

"जो शाम को था ही नहीं, उसकी हाजिरी कैसी?"

मी फुली मारली. खाडाखोड नाही.

कामगार कचेरीत दावा उभा राहिला. सेठच्या बाजूने सांगितलं गेलं की हल्के त्या दिवशी कामावर नव्हताच, लोखंड चोरायला चढला आणि पडला. त्याला पाय गेल्याचं जितकं लागलं नाही तितकं हे लागलं, असं त्याची बायको रामकली पुढे सांगायची. रजिस्टर घेऊन साक्षीला मी.

माझ्या साक्षीच्या आदल्या आठवड्यात रामकली आमच्या दारात आली. आत आली नाही, खालच्या पायरीवर उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "मुंशीजी, आपसे कुछ नहीं कहती। भाभी बस इतना बोल दें कि उस दिन चाय पिलाई थी।"

प्रमिला मागे उभी होती, हात कणकेने भरलेले. ती तोंड उघडणार हे मला न वळताही कळलं. तेव्हा मी जे बोललो ते शब्द मी रोज ऐकतो. मी म्हटलं, "हमारे घर की औरतें कचहरी नहीं जातीं।"

आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. फौज गेली, तलवार गेली, दोन खोल्या राहिल्या, आणि अशी वाक्यं राहिली. घरात माझ्या आईच्या तोंडी असायचं, आपल्याकडे असं नसतं. प्रमिला रोज भाजी बाजारात जायची, रेशनच्या रांगेत उभी राहायची, बँकेत जायची, तिथे घराण्याचं काही जात नव्हतं. कचेरी तेवढी आडवी आली. रामकली आमच्या रीतीचा मान ठेवून गेली. खाली वाकून नमस्कार करून गेली. तिच्या वकिलाने प्रमिलाला समन्स काढलं नाही, नवऱ्याच्या विरुद्ध बाई काय बोलणार, असा त्याने हिशेब केला असेल.

दार लावल्यावर प्रमिला म्हणाली, "मी बोलले असते."

मी म्हटलं, "अजयची नोकरी सेठच्या हातात आहे." आमचा मुलगा तेव्हा सेठच्या इंदूरच्या कामावर नवीनच लागला होता.

"मग तसं सांगायचं होतं तिला. माझ्यावर कशाला घातलंत?"

साक्षीला मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. विचारलं, त्या दिवशी हल्के हजर होता का? मी म्हटलं, रजिस्टरप्रमाणे गैरहजर. पुन्हा विचारलं, तुमच्या माहितीप्रमाणे? मी म्हटलं, माझ्या माहितीप्रमाणेही गैरहजर. पहिलं उत्तर वकिलाने शिकवलेलं होतं. दुसरं माझं स्वतःचं. हल्केला हातगाडीवर आडवा घालून आणला होता, तो छताकडे बघत होता. दावा गेला.

हल्के-रामकलीने वर, हायकोर्टात अपील केलं. ते तिथे पडून आहे, लागेल तेव्हा लागेल. मधल्या काळात मी रिटायर झालो. अजयने सेठची नोकरी सोडली, इंदुरातच दुसरी धरली, त्यालाही आता सहा वर्षं झाली. म्हणजे भीती सहा वर्षांपूर्वी संपली. त्यानंतर मी काय धरून बसलो होतो हे मला सांगता येत नाही. लाज असावी. एकदा खरं बोलायचं तर आधीचं खोटं होतं हेही बोलावं लागतं, ते जड जातं.

प्रमिला वर्षातून दोन-तीनदा विषय काढायची. भांडायची नाही. "हल्केकडे जाऊन आले मी," असं भाजी निवडताना सांगायची. मुरारकडे त्यांची खोली होती, तिथे ती टेम्पोने जायची, मला न विचारता. त्याच्या पाठीला जखमा होतात, रामकली तीन घरी भांडी घासते, असं सांगायची. मी पेपर वाचत असायचो. दोनदा ती वकिलाकडे जायला म्हणून चांगली साडी नेसून तयार झाली होती. एकदा माझं पोट बिघडलं, एकदा गुडघा. ती साडी बदलून स्वैपाकाला लागली. मला घरी ठेवून एकटी गेली असती तर मी अडवू शकलो नसतो, हे मला ठाऊक होतं. तिला मी बरोबर यायला हवा होतो. रामकलीच्या त्या नमस्काराची परतफेड तिला दोघांनी मिळून करायची होती, असं मला आता वाटतं. विचारायला आता ती नाही.

ह्या वेळी तिने विचारलंच नाही. हल्केचा वकील बदलला होता, आता टोपी बाजारात वर माडीवर बसणारी एक तरुण बाई, मराठीच. प्रमिलाने स्वतः त्यांचा नंबर मिळवला, स्वतः वेळ घेतली.

तर तिला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली आणि चपला घातल्या. थोरल्या भावाची बायको, आमच्या वहिनी, रात्रीपासून घरात होत्या. त्या स्वैपाकघरातून बाहेर आल्या.

"भाऊजी, सुतक आहे. कुठे निघालात?"

"टोपी बाजारात."

"आज? अजय तासाभरात येईल. लोक भेटायला येतील. काय सांगू त्यांना?"

"कचेरीचं काम आहे म्हणा."

"कसलं मेलं काम ते. प्रमिला असती तर जाऊ दिलं असतं का तुम्हाला?"

त्यांना काय सांगणार. मी जिना उतरलो. गुडघा दुखत होता, चालता येत होतं. इतकी वर्षंही येत होतंच.

वकीलबाई खरंच तरुण, आमच्या सुनेएवढी. मी नाव सांगितलं तर त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "काका, काकू कुठे आहेत? वेळ त्यांनी घेतली होती."

मी म्हटलं, "मी लिहून द्यायला आलोय. मी मुंशी होतो. हल्के त्या दिवशी कामावर होता, त्याला मी वर पाठवला."

त्यांनी फाईल काढली, माझी जुनी साक्ष काढली, वाचली. मग त्यांनी मला सरळ समजावलं. ते मला आवडलं. म्हणाल्या, "काका, तुम्ही शपथेवर ह्याच्या उलट सांगितलंय. आता हे दिलंत तर खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावरच केस होऊ शकते. आणि एवढं करून कोर्ट तुमचं मानेल असं नाही. दोन्हीकडून बोललेला साक्षीदार आहात तुम्ही. इतक्या उशिरा नवा पुरावा घ्या म्हणून अर्ज करायचा तर मला भरवशाचं माणूस हवंय. म्हणूनच मी काकूंची वाट बघत होते. त्या कुठल्या बाजूने कधी बोललेल्याच नाहीत. त्यांना घेऊन या, मग दोघांचं एकदम करू."

मी म्हटलं, "ती काल गेली."

त्या पहिल्यांदा समजल्या नाहीत. गावाला गेली असं समजल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून समजल्या. पेन खाली ठेवलं, पाणी मागवलं.

"मग आज कशाला आलात, काका? नंतर आला असतात."

"वेळ घेतलेली होती."

मी पाणी प्यालो. मग मी म्हटलं, लिहा. ती काय सांगणार होती ते मला पाठ आहे, मी सांगतो, तिच्या नावाने लिहा. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "तसं नाही चालत. त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून हवं होतं. तुम्ही काय पाहिलं, काय केलं, तेवढंच तुम्हाला शपथेवर सांगता येईल."

मी सगळी उमर कचेऱ्या पाहिल्या, हे मला माहीत असायला हवं होतं. तिचे शब्द तिच्याबरोबर गेले, आणि अकरा वर्षं ते माझ्या घरात होते.

मग मी पाहिलेलं सांगितलं. किल्ली, पायरी, चहा, मी आतून ओरडलो ते, संध्याकाळची हजरी, सेठचं वाक्य, फुली. त्या कॉम्प्युटरवर लिहीत गेल्या, मधे मधे थांबवून वेळ विचारत गेल्या. शेवटी मी म्हटलं, "आणखी एक लिहा. हल्केची बायको माझ्या दारात आली होती. माझी बायको साक्ष द्यायला तयार होती. मी तिला जाऊ दिलं नाही."

"ह्याची केसला गरज नाही, काका."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. छापून आलेले कागद मी बोट ठेवून, ओळ न् ओळ वाचले. प्रमिलाचं नाव एके ठिकाणी चुकलं होतं, ते सांगून दुरुस्त करून घेतलं. प्रत्येक पानाखाली सही केली. बाई म्हणाल्या, खाली नोटरीकडे शिक्का घ्यावा लागेल, माणूस पाठवते बरोबर. मी म्हटलं नको, आणि कागद घेऊन खाली उतरलो. नोटरीच्या टेबलापुढे पाच-सहा जण होते. मी त्यांच्या मागे उभा राहिलो.